पाऊस थांबला तरी फ्री डिशचं चित्र तासभर येत नाही, काय करावं?

अंगणवाडीताई · २७ सप्टेंबर

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. घरी दूरदर्शनची फ्री डिश आहे. दोन फुटी छत्री, अंगणात सिमेंटमध्ये गाडलेल्या पाइपावर. घरावर अर्धे कवेलू आणि अर्धी टिनं, त्यामुळे वर लावायची सोयच नाही. छत्री साधारण माझ्या छातीच्या उंचीला येते.

उन्हाळाभर चित्र इतकं स्वच्छ होतं की घरात कोणी टीव्हीचा विषयच काढला नाही. जुलैपासून कटकट सुरू झाली. आधी फक्त जोराच्या पावसात जायचं. ते ठीक आहे, पावसात सगळ्यांचंच जाते. पण आता पाऊस उघडून, ऊन पडून, अंगणातलं पाणी वाहून गेलं तरी तासभर ‘नो सिग्नल’. शेजारच्या काकूंकडे त्याच वेळी मालिका चालू असते. भिंतीपलीकडून आवाज येतो आणि आमच्या सासूबाई तो ऐकत माझ्याकडे बघत बसतात, जसा काही मीच रिमोट दाबून उपग्रह बंद केला. वारा सुटला की चौकोन चौकोन होऊन माणसांची तोंडं तुटतात. एकदम शांत, कोरडा दिवस असला तर बरं चालते, पण आधीसारखं नाही.

दारव्ह्याहून एक मुलगा बोलावला. त्यानं छत्री इकडेतिकडे फिरवली, ‘पाणी नाही जाणार आता’ म्हणून एलएनबीवर, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर, पॉलिथिनची पिशवी बांधली आणि तीनशे रुपये घेतले. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. परत फोन केला तर म्हणे एलएनबी गेला, आठशे लागतील. एलएनबी खराब आहे तर कोरड्या दिवशी तो चालतो कसा, हे मला कोणी सांगावं.

‘मोबाइलवर बघा’ असं कृपया लिहू नका. रेंज मारुतीच्या पारावर येते. मामाजींनी सातच्या बातम्या बघायला रोज तिथं जाऊन बसावं का? सोयाबीन काढणीला आलं आहे, पावसाचा अंदाज त्यांना रोज लागतो.

निवृत्त मास्तर · २७ सप्टेंबर

ताई, आमच्या काळी बांबूवर ॲल्युमिनियमचा काड्यांचा ॲंटेना असे. पावसात कधी चित्र गेलं नाही. जरा मुंग्या यायच्या, एवढंच. आता नव्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर असतो म्हणतात. माळ्यावर जुना ॲंटेना असेल तर लावून पाहा, खर्च काही नाही.

पुसदकर पुण्यात · २७ सप्टेंबर

सरळ महिन्याच्या रिचार्जवाली घ्या. सर्व्हिस तरी मिळते.

अंगणवाडीताई · २७ सप्टेंबर

तीच होती आधी. रिचार्ज पेरणीच्या वेळी संपायचं आणि दिवाळीपर्यंत कोणी मारायचं नाही.

छत्रीवाला दिग्रस · २८ सप्टेंबर

ताई, छत्रीला आता कोणालाही हात लावू देऊ नका. आधी मला हे सांगा.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. कोरड्यात किती आणि पाऊस थांबल्यावर किती? छत्रीचं तोंड ज्या बाजूला आहे तिकडे काय काय आहे? झाड, भिंत, काहीही. आणि छत्रीपासून टीव्हीपर्यंतच्या वायरला मधात जोड आहे का?

अंगणवाडीताई · २८ सप्टेंबर

कोरड्यात स्ट्रेंथ ८४, क्वालिटी ४० च्या आसपास, पण सारखी खालीवर होते. आज दुपारी सर येऊन गेली, नंतर पाहिलं तर स्ट्रेंथ ८२, क्वालिटी शून्य ते दहा. वायरला जोड नाही, एकसंध आहे.

समोर काकूंच्या घराची भिंत आहे, पण ती बरीच दूर. छत्री तिच्या वरून बघते. बाजूला शेवगा आहे, तोही छत्रीच्या समोर म्हणता येणार नाही. त्याची फांदी छत्रीला कुठे टेकत नाही. दरवर्षी शेंगा झाल्या की एप्रिलमध्ये मामाजी तो छाटतात.

छत्रीवाला दिग्रस · २९ सप्टेंबर

तुमच्या शेवटच्या ओळीत अर्धं उत्तर आहे. सविस्तर लिहितो, कारण पोळा झाला की मला रोज असेच फोन येतात आणि बहुतेक घरी माझ्याआधी कोणीतरी छत्री फिरवून गेलेलं असते.

पहिले एलएनबीचं. स्ट्रेंथ म्हणजे बॉक्सपासून वायर एलएनबीपर्यंत पोचली आहे, त्याला वीज मिळते आहे आणि तो काहीतरी पकडतो आहे. क्वालिटी म्हणजे जे पकडलं ते आपल्या कामाचं किती. एलएनबी मेला तर स्ट्रेंथच झोपते. तुमची पावसानंतरही ८२ आहे. म्हणजे एलएनबी जिवंत आहे, तुमचे आठशे वाचले. तसाही साधा एलएनबी तीनशेच्या आत येतो. आठशे कशाचे, ते त्या मुलालाच माहीत.

आता पावसाचं. हा सिग्नल ११ गिगाहर्ट्झच्या आसपासचा असतो, केयू बँड म्हणतात त्याला. पावसाचे थेंब तो खातात. पण तो पाऊस वरचा, ढगाखालचा. सर सरकली की दोन-पाच मिनिटांत चित्र परत यायला पाहिजे, आणि गेलं तर शेजारच्यांचंही जायला पाहिजे. काकूंचं चालू, तुमचं बंद, तेही पाऊस उघडल्यावर तासभर, म्हणजे तुमच्याच अंगणात कुठंतरी पाणी धरून बसलं आहे. ते तीन जागी धरू शकते: झाडाच्या पानांवर, एलएनबीच्या तोंडावर आणि वायरच्या पिनेत. तुमच्याकडे तिन्ही असतील असा माझा अंदाज आहे.

शेवगा छत्रीच्या समोर नाही म्हणता, तिथंच सगळे फसतात. आपली छत्री उभी दिसते म्हणून वाटते ती समोरच्या भिंतीकडे बघते. ती ऑफसेट छत्री आहे. तोंड जिकडे दिसते त्याच्या वीस-पंचवीस अंश वर तिचं खरं लक्ष असते. फ्री डिश ज्या उपग्रहावरून येते तो जीसॅट-१५, २०१५ च्या नोव्हेंबरात वर गेलेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. दारव्हा-दिग्रसकडून तो आग्नेयेला आणि जमिनीपासून जवळपास ६० अंश वर येतो. ६० अंश म्हणजे मान चांगली मागे टाकून बघा तेव्हा. काकूंची भिंत त्याच्या आड येऊच शकत नाही. पण जवळचं झाड येते. हिशेब सोपा आहे: झाड छत्रीपासून जितकं दूर, त्याच्या पावणेदोन पट छत्रीच्या वर गेलं की ते सिग्नलच्या वाटेत आलं. सहा फुटांवरचा शेवगा छत्रीच्या वर साडेदहा फूट गेला की झालं. एप्रिलमध्ये छाटलेला शेवगा एका पावसाळ्यात तेवढा वाढतोच. म्हणून तुमचा उन्हाळा बरा गेला.

कोरडी पानं थोडा सिग्नल खातात. ओली पानं म्हणजे छत्रीवर ओली गोधडी टाकल्यासारखं. आणि वाऱ्यात फांदी आत-बाहेर होते, तेव्हा तोंडं तुटतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, सूर्याला विचारा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य आपल्या भागातून बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. मार्चात सव्वा अकराच्या सुमारास, ऑक्टोबरात अकराच्या पाचेक मिनिटं आधी. म्हणजे याच आठवड्यात. ऊन असेल त्या दिवशी पावणेअकरापासून छत्रीजवळ उभ्या राहा. अकराच्या आगेमागे छत्रीच्या पत्र्यावर शेवग्याची सावली पडली, तर जी फांदी सावली पाडते तीच सिग्नल अडवते. बाकी झाडाला हात लावायची गरज नाही. मी तर नवीन छत्री लावतानाही याच दिवसांत जागा ठरवून ठेवतो, होकायंत्राची भानगड नाही.

एक सांगून ठेवतो. त्याच दिवसांत, त्याच वेळी काही मिनिटं टीव्ही साफ जातो, कारण सूर्याचा स्वतःचा गोंगाट उपग्रहापेक्षा मोठा असतो. तेव्हा काकूंचाही जाईल. घाबरायचं नाही, काही फिरवायचं नाही.

पिशवी आजच काढा. एलएनबीच्या तोंडावर कंपनीचं पांढरं टोपण असते, ते फुटलं नसेल तर पाणी आत जात नाही. पॉलिथिनच्या आत वाफ धरते, थेंब जमतात आणि ते थेंब बरोबर सिग्नलच्या तोंडावर बसतात. टोपणाला कुंभारणीनं मातीचं घर केलं असेल तर ओल्या फडक्यानं काढा, खरवडू नका.

मग पीन. बॉक्सचा प्लग आधी भिंतीतून काढा, नुसता रिमोटनं बंद करू नका. त्या वायरीतून वर १३-१८ व्होल्ट जातात आणि पिनेत शॉर्ट झालं तर बॉक्स जातो. एलएनबीची पीन हातानं उलटी फिरवून काढा. मधली तांब्याची तार लाल, चकचकीत पाहिजे. हिरवी किंवा काळी दिसली, तिच्याभोवतीची बारीक तारांची जाळी ओली असली, तर तेवढा तुकडा कापून नवीन पीन लावायची. तार पिनेच्या बाहेर दोन-तीन मिलीमीटर निघाली पाहिजे, आणि जाळीचा एकही केस तिला टेकता कामा नये. लावल्यावर वायरला एलएनबीच्या खाली एक झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाला येऊन गळून जाते. टेप खालून वर गुंडाळा. वरून खाली गुंडाळली तर पाणी थरांतून आत शिरते. हे शिकलेले पोट्टेही उलटं करतात.

मास्तर, तुमच्या काड्यांच्या ॲंटेनावर आता काही येणार नाही. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत जवळपास सगळे बंद झाले. डिजिटल टॉवर २०१६ मध्ये सुरू केले ते निवडक शहरांत, आपल्या राज्यात मुंबई आणि औरंगाबाद. दारव्ह्यात बांबू उभा केला तर त्यावर कावळा बसेल.

निवृत्त मास्तर · २९ सप्टेंबर

बसू द्या. पितृपक्षात कामी येईल.

बुढा वाघाडीकाठचा · ३० सप्टेंबर

ताई, शेवगा कापजा पण सारा नोको कापू. आमच्या इकडं वानरायचा लय तरास आहे. थे शेवग्याचा पाला खाते, शेंगा खाते अन् उतरतानी डायरेक्ट छत्रीवर उडी मारते. दांडीवर बसून झोका घेते बापा. मंग छत्रीवाला येते, म्हणते छत्री हालली. हालन नाही तं काय होईन. म्या पाइपाले खालून वरपर्यंत बोराटीच्या काट्या बांधल्या. तवापासून पाइपावरून चढनं बंद झालं. पन झाडावरून उडी मारते त्याले काय करावं, थे कोनी सांगा.

छत्रीवाला दिग्रस · ३० सप्टेंबर

काका, काट्या पाइपालाच ठेवा, छत्रीच्या तोंडासमोर नको. उडी थांबवता येत नाही, पण छत्री हलणं थांबवता येते. क्लॅम्पच्या प्रत्येक बोल्टला स्प्रिंग वॉशर टाकून पान्यानं कसा. आणि पाइपावर व क्लॅम्पवर ऑइलपेंटची एक आडवी रेघ मारून ठेवा. वानर येऊन गेलं की दोन्ही रेघा जुळवायच्या, छत्री परत जागेवर. दीड अंश जरी सरकली तरी ९५ अंशावरचा शेजारचा उपग्रह लागतो. स्ट्रेंथ भरपूर दिसते, क्वालिटी शून्य, आणि माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो.

अंगणवाडीताई · २ ऑक्टोबर

आज सुट्टी होती आणि ऊनही होतं. मामाजी खुर्ची टाकून बसले, मी उभी. दहा पन्नासला शेवग्याच्या दोन फांद्यांची सावली छत्रीवर आली. एक बरोबर मधोमध, दुसरी वरच्या काठाला. मामाजींना तोपर्यंत पटलं नव्हतं. ‘झाड इकडे, उपग्रह तिकडे, काय संबंध’ असं चाललं होतं त्यांचं. सावली बघितल्यावर काही न बोलता आकडी घेऊन आले. तेवढ्यात घरातून सासूबाई ओरडल्या की टीव्ही गेला. काकूंनाही भिंतीवरून विचारून घेतलं, त्यांचाही गेला होता. थोड्या वेळात दोघींचा परत आला.

दोन्ही फांद्या काढल्या. कोवळा पाला सासूबाईंनी भाजीला घेतला, उरलेला काकूंकडे गेला.

पिशवी सोडली तर आतून पाणी हातावर आलं. टोपण शाबूत आहे. पीन काढली. तांब्याची तार टोकाला हिरवी आणि पुढं बोटभर काळी पडलेली, पांढरं वेष्टण दाबलं तर ओलसर लागलं. गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्या भाऊजींनी अर्धा हात वायर कापली, नवी पीन लावली, झोळ दिला, टेप खालून वर. पीन वीस रुपयांची.

आता कोरड्यात क्वालिटी ६२, आणि हलत नाही. अजून वाढेल का?

छत्रीवाला दिग्रस · २ ऑक्टोबर

६२ स्थिर असेल तर घर चालते. वाढवायचं असेल तर छत्री फिरवू नका, आधी एलएनबी फिरवून बघा. उपग्रह आपल्या पूर्वेला आहे, त्यामुळे एलएनबी क्लॅम्पमध्ये सरळ उभा नसतो, साधारण ३५ अंश कललेला असतो. त्या मुलानं पिशवी बांधताना तो थोडा तरी फिरवला असेल. टोपणाजवळ पेन्सिलीनं खूण करा, क्लॅम्पचा स्क्रू ढिला करा, एकजण टीव्हीसमोर आकडा सांगेल, दुसऱ्यानं एलएनबी नखभर इकडे, नखभर तिकडे. प्रत्येक वेळी हात काढून पाच सेकंद थांबायचं, बॉक्सचा आकडा उशिरा हलतो. जास्तीत जास्त जिथं येईल तिथं कसा. खाली गेला तर खूण आहेच.

अंगणवाडीताई · ५ ऑक्टोबर

७१ आली. मी टीव्हीसमोर, भाऊजी बाहेर, मधात सासूबाई माझा आकडा ओरडून बाहेर पोचवत होत्या आणि दोनदा त्यांनी चुकीचाच पोचवला, पण आली.

काल संध्याकाळी चांगला जोराचा पाऊस झाला. अगदी धो-धो होतं तेव्हा चित्र गेलं, पाऊस कमी झाला तसं परत आलं. काकूंच्या बरोबरच आलं.

एक शेवटचं. काकूंकडे एक मराठी चॅनल दिसते, ते आमच्याकडे स्कॅन करूनही येत नाही. सह्याद्री, बातम्या, बाकी सगळं येते. हाही सिग्नलचाच प्रश्न आहे का? शेवग्याला अजून हात लावायला मामाजी तयार नाहीत.

छत्रीवाला दिग्रस · ५ ऑक्टोबर

शेवगा राहू द्या. हे बॉक्सचं काम आहे. फ्री डिशवर काही चॅनल एमपेग-२ मध्ये येतात, काही एमपेग-४ मध्ये. चित्र दाबून पाठवायच्या या दोन पद्धती, जुनी आणि नवी. तुमचा बॉक्स जुना असेल तर दुसऱ्या प्रकारचे तो उघडूच शकत नाही, क्वालिटी शंभर असली तरी. काकूंचा बॉक्स एक दिवस मागून तुमच्या वायरीवर लावून बघा. चॅनल आलं तर बॉक्स बदलायचा, नाही आलं तर वायर-छत्री परत बघू. दुकानात बॉक्सच्या खोक्यावर ‘एमपेग-४’ लिहिलेलं स्वतः वाचून घ्या, दुकानदार सगळ्यालाच हो म्हणतो.

आणि खासगी चॅनल दरवर्षी लिलावात जागा घेतात, एक एप्रिलला काही जातात, काही येतात. तेव्हा एप्रिलात एखादं चॅनल गायब झालं तर नुसतं ऑटो स्कॅन मारा, कोणाला बोलावू नका.

अंगणवाडीताई · ६ ऑक्टोबर

काकूंचा बॉक्स लावून पाहिला, चॅनल आलं. काकूंची मालिका साडेसातला असते, त्याआधी परत नेऊन दिला. सोयाबीनचे पैसे आले की दारव्ह्याहून नवीन घेऊ.

बुढा वाघाडीकाठचा · ६ ऑक्टोबर

रेघ मारली म्या. लाल ऑइलपेंट होता घरी. आज सकाळी वानर बसलं होतं, रेघ बोटभर सरकली होती. पान्यानं जागेवर आनली, टीव्ही चालू. छत्रीवाल्या भाऊ, स्प्रिंग वॉशर कोन्त्या नंबरचा लागते?

छत्रीवाला दिग्रस · ६ ऑक्टोबर

काका, बोल्ट काढून हार्डवेअरच्या दुकानात सोबत न्या, त्यावर बसवूनच घ्या.